मॉन्स्टेराला चढू द्या

ठाणे-मुलुंड भागात घरोघरची आणि ऑफिसांतली झाडं सांभाळायचं माझं काम आहे. नवीन गिऱ्हाइकाचा फोन आला की हमखास विषय निघतो तो मॉन्स्टेराचा, आणि तक्रार दोनांपैकी एक असते. "ताई, एवढे दिवस झाले, पानांना ती भोकं काही पडत नाहीत," ही पहिली. दुसरी, "अहो, ही इतकी फाकलीय की हॉलमधून अंग चोरून जावं लागतं." दोन्हींचं कारण एकच आहे. वेल आणली, झुडूप समजून कोपऱ्यात ठेवली आणि चढायला काही दिलंच नाही.

यात गिऱ्हाइकाला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण नर्सरीत ती झुडूप म्हणूनच उभी असते. एका कुंडीत तीन-चार रोपं दाटीनं लावलेली असतात. कुंडी भरगच्च दिसते, दरही बरा मिळतो. आपल्याकडच्या नर्सऱ्यांत शोभेची बरीच झाडं आंध्रातल्या कडियमहून ट्रकनं येतात, काही पुण्याजवळच्या उरुळी कांचन-सोरतापवाडी पट्ट्यातून. तिथून निघताना मॉन्स्टेराचं रोप इतकं लहान असतं की चढायची वेळच आलेली नसते. ती वेळ येते आपल्या हॉलमध्ये, सोफ्यामागे.

मॉन्स्टेरा डेलिसिओसा ही दक्षिण मेक्सिको आणि ग्वाटेमालाच्या ओल्या जंगलांतली. फ्रेडरिक लीबमन हा डॅनिश वनस्पतिशास्त्रज्ञ १८४० ते १८४३ या काळात मेक्सिकोत हिंडला आणि १८४९ साली त्यानं हिला हे शास्त्रीय नाव दिलं. अशा जंगलात जमिनीवर उजेड पोचतो तो फार थोडा. मग रुजलेला कोंब उजेडाच्या दिशेनं निघत असेल, असं आपण धरून चालतो. डोनाल्ड स्ट्राँग आणि थॉमस रे यांनी कोस्टारिकात मॉन्स्टेराच्याच एका भाऊबंद जातीचा अभ्यास केला आणि १९७५ साली 'सायन्स' या नियतकालिकात मांडला. त्यांना दिसलं ते नेमकं उलटं. कोवळा कोंब जमिनीवरून सरपटत सगळ्यांत काळोख्या दिशेला जातो, कारण तिकडे बहुधा जवळचं मोठं खोड असतं. खोडाला टेकला की त्याचा कल फिरतो आणि मग तो उजेडाकडे, वर निघतो.

डेलिसिओसा जंगलात वीसेक मीटरपर्यंत चढते. चढताना प्रत्येक पेराशी मुळं फुटतात. काही मुळं खोडाला घट्ट चिकटून वेलीचा भार पेलतात, काही दोरीसारखी खाली जमिनीपर्यंत येऊन पाणी ओढतात. आणि जसजशी ती वर जाते तसतसं पान मोठं होतं. तळाचं पान हाताच्या पंजाएवढं, बदामी आकाराचं, अखंड. वरचं जवळजवळ तीन फूट लांब, कडेपासून आत चिरलेलं, मधल्या शिरेजवळ भोकांची रांग असलेलं. रोप एकच, वेलही तीच.

याचा दाखला बघायला मेक्सिकोला जायला नको. आपला मनी प्लांटही याच अळूच्या कुळातला, मूळचा प्रशांत महासागरातल्या मोरेआ बेटावरचा. बाटलीतल्या पाण्यात ठेवलेल्या मनी प्लांटचं पान तळहाताएवढंही होत नाही. तोच कोकणात कुणी माडाच्या बुंध्याशी खोचला की वरची पानं दीड-दोन फुटांची होतात, कडेनं फाटलेली. खाली उभं राहून बघणाऱ्याला तो मनी प्लांट आहे हे पटत नाही. जुन्या सोसायट्यांच्या आवारात रेन-ट्रीवरही हाच प्रकार दिसतो. वास्तुवाले सांगतात, मनी प्लांट वर चढवावा, खाली लोंबू देऊ नये, पैसा टिकत नाही. पैशाचं ते जाणोत. पानांच्या बाबतीत त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं आहे, कारण लोंबत्या फांदीचं पान दर पेराला लहान होत जातं. सह्याद्रीच्या रानातही या कुळातली गणेशकंद नावाची वेल झाडांवर चढते आणि तिच्याही पानांना भोकं असतात.

भोकांकडे वळते, कारण फोन त्यासाठीच येतात. पान उलगडायच्या कितीतरी आधी, ते इवलंसं असताना, त्यातल्या ठरावीक जागच्या पेशी आपोआप मरतात. टाचणीच्या टोकाएवढी ती जागा पानाबरोबर मोठी होत जाते. म्हणजे उलगडलं तेव्हा पान अखंड असेल तर ते जन्मभर अखंडच राहणार. लोक जुन्या पानाकडे महिनोन्‌महिने आशेनं बघत बसतात. बघायचं ते पुढच्या पानाकडे. ते आत तयार होत असताना वेलीला उजेड किती मिळाला आणि तिच्या मुळांना आधार सापडला का, यावर भोकांचं ठरतं. भोकं पाडण्यासाठी कुठलंही टॉनिक मिळत नाही. कुणी विकत असेल तर घेऊ नका.

ही भोकं हवीतच कशाला, यावर बरेच तर्क झाले. वाऱ्यानं पान फाटू नये म्हणून, पावसाचं पाणी खाली मुळाशी जावं म्हणून. मला पटतो तो ख्रिस्तोफर म्यूर यांनी २०१३ साली 'अमेरिकन नॅचरलिस्ट'मध्ये गणितानं मांडलेला. घनदाट झाडीत ऊन खाली येतं ते कवडशांनी, क्षणभर इथे, क्षणभर तिथे. तेवढ्याच पेशींचं पान मध्ये भोकं ठेवून जास्त जागेवर पसरलं, तर एका कवडशातून मिळकत थोडी कमी होते, पण एकही कवडसा न लाभण्याची पाळी क्वचित येते. कधी घबाड तर कधी उपास यापेक्षा महिन्याचा लहानसा पगार बरा, असा तिचा हिशेब.

आता घराकडे. मी कुणाकडे गेले की आधी खिडक्या बघते. परवा एका काकांच्या हॉलमध्ये, टीव्हीशेजारी, खिडकीपासून लांबच्या कोपऱ्यात मॉन्स्टेरा होती. देठ हातभर लांब आणि पान त्या मानानं लहान.

"काका, इथे उजेड पुरत नाही तिला."

"काय बोलताय ताई! याच खुर्चीत बसून मी रोज पेपर वाचतो, तेही दिवा न लावता."

काकांचं खोटं नव्हतं. पेपर वाचायला दोन-तीनशे लक्स उजेड पुरतो आणि आपले डोळे कमी उजेडाशी इतके पटकन जुळवून घेतात की कमी आहे हे कळतच नाही. बाहेर भर दुपारच्या उन्हात एक लाखाच्या आसपास लक्स असतात. खिडकीला लागून, थेट ऊन नसलं तरी, काही हजार मिळतात. चार पावलं आत आलं की तेच शेकड्यांवर उतरतं. दोन-तीनशेवर मॉन्स्टेरा मरत नाही, पण वाढतही नाही. नुसते देठ लांबवत उजेड शोधत राहते. ती फाकते ती यामुळे. मोबाइलवर उजेड मोजायची अ‍ॅप मिळतात, अंदाजाला पुरतात. तेही नको असेल तर दुपारी बाराच्या सुमाराला पानाच्या वर वीतभर अंतरावर हात धरा. सावली बोटांसकट ओळखू आली तर जागा चांगली. नुसताच धूसर डाग पडला तर चालवून घ्यावी अशी. काहीच पडलं नाही तर कुंडी उचला.

दिशांच्या बाबतीत परदेशी पुस्तकं आपल्याला फसवतात. त्यांच्याकडे दक्षिणेची खिडकी उन्हाची आणि उत्तरेची अंधारी. मुंबई १९ अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरपर्यंत भर दुपारचा सूर्यही आपल्या माथ्याच्या किंचित उत्तरेलाच असतो. त्या दिवसांत आकाश मोकळं असेल तर उत्तरेच्या गॅलरीत सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन येतं आणि दक्षिणेच्या खिडकीतून आत काहीच शिरत नाही. डिसेंबरात बरोबर उलट, दक्षिणेचं ऊन थेट हॉलच्या मध्यापर्यंत येतं. त्यामुळे इथे उत्तरेची मोकळी खिडकी मॉन्स्टेराला मुळीच वाईट नाही. पूर्वेची सगळ्यांत बिनधोक, कोवळं ऊन मिळतं. पश्चिमेच्या खिडकीला एप्रिल-मेमध्ये पातळ पडदा लावावा, नाहीतर दुपारनंतरचं ऊन पान भाजतं. त्याचे तपकिरी, कागदासारखे डाग भरून येत नाहीत. खिडकीच नसेल तर पांढऱ्या उजेडाचा चांगला एलईडी दिवा, पानापासून दीड-दोन फुटांवर, रोज बारा तास. चालतो, मी ऑफिसांत तेच करते.

उजेडाचं झालं की आधाराचं. नर्सरीत मिळणारी काथ्या गुंडाळलेली काठी सगळे घेतात. दिसते छान, पण कोरडी ठणठणीत असते. मॉन्स्टेराची मुळं कोरड्या काथ्यात शिरत नाहीत, बाजूनं हवेत लोंबतात, आणि वेल काठीला नुसती बांधलेली राहते. काठी रोज भिजवायची तयारी असेल तर ती घ्या. नसेल तर प्लॅस्टिकचा मुलामा असलेली तारेची जाळी तीन-चार इंच व्यासाच्या नळीसारखी गुंडाळायची, आत मॉस किंवा भिजवलेले नारळाच्या सोडणाचे तुकडे दाबून भरायचे आणि पाणी घालताना वरूनही घालायचं. मुळं जाळीतून आत घुसतात आणि त्यानंतरचं प्रत्येक पान आधीच्यापेक्षा मोठं येतं. एवढा खटाटोप नको असणाऱ्यांना मी फळी सुचवते. सुताराकडून चार-पाच इंच रुंदीची, रंधा न मारलेली फळी आणायची आणि कुंडीत तळापर्यंत रोवायची. खरखरीत लाकडावर मुळं चपटी होऊन चिकटतात. मातीतला भाग काही वर्षांनी कुजतो, तेव्हा बदलायची. भिंतीवर थेट चढवायचा मोह मात्र भाड्याच्या घरात टाळा. मुळं सोडवताना रंग निघून येतो आणि डिपॉझिटच्या वेळी मालकाशी हुज्जत होते.

फळी लावण्याआधी वेल नीट निरखा. हिला पोट आणि पाठ असते. पानं एका बाजूला, पुढे झुकतात. हवेतली मुळं दुसऱ्या बाजूनं, पेरापाशी बारीक फोडासारखी उमटतात आणि मग तपकिरी दोरीसारखी बाहेर येतात. ही मुळांची बाजू म्हणजे पाठ. ती आधाराला लागली पाहिजे आणि पानं खिडकीकडे. बरेच जण आधी काठी कुंडीच्या मध्यात ठोकतात आणि मग वेल पिरगाळून तिला टेकवतात. पोटाकडून बांधलेल्या वेलीची मुळं आधारापर्यंत पोचत नाहीत. कुंडी बदलतानाच रोप कडेला, थोडं आडवं धरून लावलं की पाठ अलगद फळीला लागते. बांधायचं खोड, तेही सैल, जुन्या बनियनच्या पट्टीनं. पानाचा देठ कधीच बांधू नये. देठ पानाला जिथे मिळतो तिथे गुडघ्यासारखा सांधा असतो, त्यातून पान उजेडाकडे वळतं. बांधलं की ते अडकून पडतं. आणि एकदा दिशा ठरली की कुंडी दर आठवड्याला फिरवत बसू नका. सगळीकडून सारखी दिसावी म्हणून झुडूप फिरवतात, चढत्या वेलीला त्याचा घोळच होतो.

आणि ती नर्सरीतली तीन-चार रोपं? वेगळी करा. एका कुंडीत एकच ठेवलं तर उत्तम, फार तर दोन. बाकीची शेजारी वाटा.

माती म्हणाल तर हिला आपली लाल माती एकटी चालत नाही. नर्सरीतून येताना मुळांभोवती चिकट मातीचा गोळा असतो, तो पाण्यात बुडवून हळूहळू सोडवायचा. मी दोन भाग नारळाच्या सोडणाचे तुकडे, एक भाग धुतलेलं कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग परलाइट घेते. परलाइट महाग वाटलं तर विटेचा चाळलेला खडा, धूळ काढून. वर मूठभर निंबोळी पेंड. पाणी घातलं की काही क्षणांत खालच्या भोकांतून बाहेर यायला हवं. ताटलीत साचलेलं ओतून द्यायचं.

"किती दिवसांनी पाणी घालू?" याचं उत्तर मी देत नाही. मुंबईच्या जुलैत तीच कुंडी पंधरवडाभर ओली राहते आणि नागपूरच्या मेमध्ये तीन दिवसांत कोरडी पडते. बोट दोन पेरं आत घालून बघा. कोरडं लागलं तर भरपूर घाला, ओलं लागलं तर हात आवरा. या वेली मरतात त्या बहुतेक पाऊसकाळात, प्रेमानं घातलेल्या पाण्यामुळे. खालची पानं पिवळी पडायला लागली आणि मातीला कुबट वास आला की मुळं कुजायला लागली समजा. मग वाट बघू नका. कुंडी उपडी करा, मऊ पडलेली काळी मुळं कापून टाका, नव्या कोरड्या मिश्रणात लावा. भरपूर पाणी घातल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी पानांच्या टोकांशी थेंब दिसतात, तो मात्र आजार नव्हे. नको असलेलं पाणी ती बाहेर टाकते.

विदर्भातल्या घरांत कूलरची ओली हवा हिला मानवते, फक्त झोत थेट पानावर नको. एसीचाही नको. स्प्रेनं पाणी उडवून हवेतला दमटपणा वाढत नाही, पाच मिनिटांत सगळं उडून जातं. त्यापेक्षा ओल्या फडक्यानं पानं पुसा, खालच्या बाजूनंही. पुसताना किडी सापडतात. पानाच्या बगलेत कापसासारखं पांढरं दिसलं तर पिठ्या ढेकूण. पानावर चंदेरी ओरखडे आणि काळे ठिपके दिसले तर फुलकिडे. लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि दोन थेंब भांडी घासायचा साबण, संध्याकाळी फवारणी, आठवड्यानं पुन्हा. चकाकी यावी म्हणून खोबरेल चोळणारी घरं आहेत. त्यावर धूळ अशी बसते की मला पान साबणानं धुवावं लागतं.

लहान मूल, मांजर किंवा कुत्रा असेल तर एक लक्षात ठेवा. अळू आणि सुरण कच्चं खाल्लं की घसा का खाजतो हे मराठी माणसाला सांगायला नको. त्यातले कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक टोचतात. मॉन्स्टेरातही तेच आहेत. अळूच्या फतफत्यात आपण चिंच नाहीतर आंबट चुका घालतो. हिची भाजी कुणी करणार नाही, पण पान चावलं तर तोंड सुजतं, लाळ गळते. छाटणी केल्यावर हात धुवा, डोळे चोळू नका.

गंमत म्हणजे हिला फळ येतं आणि ते गोड असतं. मादेइरा बेटावर फुंशालच्या बाजारात ते विकायला असतं. लांबुळकं, हिरवं, षटकोनी खवल्यांनी झाकलेलं, पिकायला वर्षभर घेतं. खवले आपोआप गळतील तेवढाच भाग खायचा; अननस-केळ्यासारखी चव. जबरदस्तीनं सोललं तर पुन्हा त्याच सुया. फ्लॅटमध्ये फळ धरण्याची आशा मी कुणाला दाखवत नाही.

छताला टेकली की कापावी लागतेच. घाबरायचं कारण नाही. गुटी कलम करा. डाळिंबाच्या गुटीत सालीचं वर्तुळ काढतात, हिला तशी सालच नसते, त्यामुळे काम सोपं. ज्या पेराला हवेतलं मूळ फुटलंय तिथे ओलं मॉस लावायचं, वरून प्लॅस्टिक, दोन्ही टोकं बांधायची. पावसाळ्यात महिन्याभरात पांढरी मुळं प्लॅस्टिकमधून दिसतात. मग त्याखाली स्वच्छ सिकेटरनं कापायचं. वरचा शेंडा नव्या कुंडीत मोठ्या पानांनिशीच पुढे चालू होतो आणि खालच्या खुंटाला डोळ्यातून नवा कोंब येतो. मात्र डोळा हवाच. नुसतं देठासकट पान पाण्यात ठेवलं तर मुळं धरेलही, त्यातून वेल कधीच निघणार नाही. पांढऱ्या डागांच्या मॉन्स्टेराचं असं एक-एक पान भारी भावानं विकणारे आहेत, म्हणून सांगितलं. त्या पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसतं, वेल हळू वाढते, आणि माझं मत विचाराल तर पहिली मॉन्स्टेरा हिरवीच घ्यावी.

घर बदलणाऱ्यांचे फोन उन्हाळ्याच्या सुट्टीत येतात. सामान हलवणारे बरेच जण झाडं घ्यायला नाखूश असतात, म्हणून मी टेम्पो वेगळा सांगायला लावते. तीन-चार दिवस आधी पाणी बंद, म्हणजे कुंडी हलकी होते आणि माती सांडत नाही. पानं वरच्या दिशेनं गोळा करून जुन्या चादरीत सैल गुंडाळायची, फळीसकट आडवी ठेवायची, पाठ खाली. सात फुटांच्या वर असेल तर गुटी करून दोन भागच करावेत आणि खालचा सोसायटीच्या वॉचमनला द्यावा. गेटपाशी भिंत असतेच. नव्या घरी टेम्पो रिकामा होण्याआधी खिडकी ठरवून ठेवा, कारण एकदा टेकवलेली कुंडी पुन्हा कुणी उचलत नाही. तिथे पहिलं-दुसरं पान लहान आलं तर जागा चुकली म्हणून लगेच हलवू नका, तिसऱ्यापर्यंत थांबा.